हक्काच्या परताव्याचा हिशेब

(छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक, कार्यालयीन अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कर या विषयावर बोलू लागले की श्रोत्यांचे सहज दोन वर्ग पडतात. काहींना कर भरावा लागतो म्हणून ते चिंतेत असतात. काहींचा कराशी संबंधच नाही असे त्यांना वाटते, म्हणून ते निश्चिंत असतात. आज मला या दुसऱ्या वर्गाविषयी बोलावयाचे आहे. ज्यांचे वर्षाचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, आणि तरीही ज्यांच्या मानधनातून दरवर्षी कर कापला जातो, अशी माणसे आपल्या या शहरात थोडी नाहीत. कापलेला हा पैसा त्यांचा स्वतःचा आहे. तो परत मागता येतो, आणि किती परत मिळेल याचा अंदाज एका पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत करता येतो. परंतु हा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगितलेला नसतो. म्हणून पुष्कळांचा पैसा मागणीवाचून शासनाच्या तिजोरीत पडून राहतो.

मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि माझे काम माहिती पोहोचविण्याचे आहे. करसल्लागाराचा अधिकार मी सांगत नाही. परंतु जो हिशेब माझ्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्याला समजू शकतो, तो कोणालाही समजू शकेल, एवढ्या विश्वासाने मी आपल्यापुढे उभा आहे.

शिकणारे पालक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या जिल्ह्यांतून येणारे सगळेच विद्यार्थी विशीतले आणि अविवाहित असतात, ही समजूत आता सोडून द्यावयास हवी. बेगमपुरा, पहाडसिंगपुरा या विद्यापीठाजवळच्या वस्त्यांत एका खोलीत संसार मांडून संशोधन करणारी दांपत्ये आहेत. सकाळी मुलाला बालवाडीत सोडून महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या आणि दुपारी ग्रंथालयात प्रबंधाचे टिपण काढणाऱ्या माता आहेत. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी घेणारे पिते आहेत. ही मंडळी एकाच वेळी विद्यार्थी आहेत, पालक आहेत आणि थोडेबहुत मिळवतेही आहेत.

या शहराला ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. ज्यांनी १९५० साली येथे मिलिंद महाविद्यालयाची मुहूर्तमेढ रोवली, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ते एका लहान मुलाचे वडील होते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तेथले शिक्षण झाले. पुढे लंडनचा अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून पैसा जमविला. आणि त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता सार्वजनिक वित्तव्यवहार. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. शासन पैसा कोणाकडून घेते आणि कोणासाठी खर्च करते, हा प्रश्न एका शिकणाऱ्या पालकाने त्या काळी मुळापासून तपासला होता. आपला आजचा प्रश्न त्या मानाने फार लहान आहे. परंतु ज्याच्या घरात महिन्याच्या अखेरीस दुधाचे पैसे उधार राहतात, त्याच्या दृष्टीने तो लहान नाही.

कर कापला जातो तो का?

आपल्या देशात प्राप्तिकर, म्हणजे ज्याला आपण बोलीत आयकर म्हणतो तो, १८६० साली प्रथम बसविण्यात आला. स्वातंत्र्यानंतरचा आयकर अधिनियम १९६१ सालचा असून तो १ एप्रिल १९६२ पासून अंमलात आला. १ एप्रिल २०२६ ही आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलाची तारीख होय. तथापि आर्थिक वर्ष २०२५-२६ मधील उत्पन्नाचा हिशेब १९६१ च्या अधिनियमाप्रमाणेच होतो, म्हणून आजची सर्व उदाहरणे मी त्याच वर्षाची घेतली आहेत. नव्या अधिनियमात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

पैसे हाती पडण्यापूर्वीच त्यातून कर कापून घेण्याच्या पद्धतीला उगमस्थानी करकपात म्हणतात. ‘टीडीएस’ हा शब्द आपल्या कार्यालयांत आता रुळलेला आहे, म्हणून मीही तोच वापरतो. कापणाऱ्या कार्यालयाला घेणाऱ्याचे वर्षाचे एकूण उत्पन्न ठाऊक नसते. कायद्याने ठरविलेला दर लावून रक्कम कापणे आणि ती शासनाकडे भरणे एवढेच त्याचे काम. व्यावसायिक शुल्क म्हणून दिलेली रक्कम एका देणाऱ्याकडून वर्षात ५०,००० रुपयांवर गेली की तिच्यावर १० टक्के कापावे लागतात. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० रुपये होती. वैयक्तिक कंत्राटदाराच्या देयकातून १ टक्का कापला जातो. घेणाऱ्याने पॅन दिला नसेल तर अशा कपातीचा दर २० टक्क्यांवर जातो.

येथेच एक विसंगती निर्माण होते. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधन काही कार्यालये वेतन समजतात आणि काही व्यावसायिक शुल्क समजतात. वेतन मानले तर १,८०,००० रुपयांवर काहीच कापले जात नाही, कारण वेतनाच्या बाबतीत वर्षाचा अंदाज घेऊनच कर कापावयाचा असतो. शुल्क मानले तर त्याच १,८०,००० रुपयांतून १८,००० रुपये कापले जातात. काम एकच, वर्गही तोच. केवळ नोंदीच्या रकान्यामुळे एका घरातून वर्षभर दरमहा दीड हजार रुपये कमी होतात. हे पैसे गेलेले नसतात, अडकलेले असतात. ते सोडविण्याचा मार्ग म्हणजे परतावा.

तीन आकड्यांचे गणित

परताव्याचा अंदाज करण्यासाठी तीन आकडे लागतात. पहिला, वर्षभरातील करपात्र उत्पन्न. दुसरा, त्या उत्पन्नावरचा प्रत्यक्ष कर. तिसरा, वर्षभरात आपल्या नावावर जमा झालेली टीडीएसची रक्कम. तिसऱ्यातून दुसरा वजा केला की परतावा निघतो.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के आणि ८ ते १२ लाखांच्या टप्प्यावर १० टक्के कर आहे. परंतु निवासी व्यक्तीचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७-अ खाली ६०,००० रुपयांपर्यंतची करसवलत मिळून देय कर शून्यावर येतो. लॉटरीसारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ही सवलत लागू नाही. उत्पन्न वेतनाचे असेल तर त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक संशोधक विद्यार्थिनी आहे. तिला एक पाच वर्षांची मुलगी आहे. तासिका तत्त्वावरील मानधन वर्षाला १,८०,००० रुपये. घरी शिकवणीचे ३६,००० रुपये. बचत खात्यावरील व्याज ४,००० रुपये. एकूण २,२०,००० रुपये. हा आकडा ४ लाखांच्या आत आहे, म्हणून कर शून्य. टीडीएस झाला १८,००० रुपये. अठरा हजार वजा शून्य, म्हणजे परतावा १८,००० रुपये.

दुसरे उदाहरण. समजा, एक तरुण पिता एका संशोधन प्रकल्पावर करारपद्धतीने दरमहा ३८,००० रुपये घेतो. वर्षाचे ४,५६,००० रुपये झाले, आणि त्यातून १० टक्क्यांप्रमाणे ४५,६०० रुपये कापले गेले. सुटीत केलेल्या कामाचे त्याला २४,००० रुपये मिळाले. त्यातून काही कापलेले नाही. एकूण ४,८०,००० रुपये. ४ लाखांवरील ८०,००० रुपयांवर ५ टक्के दराने ४,००० रुपये कर येतो. ८७-अ ची सवलत लागताच तो शून्य होतो. परतावा ४५,६०० रुपये.

या दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा भेद आहे. पहिल्या बाईंचे उत्पन्न ४ लाखांच्या आत असल्याने त्यांच्यावर विवरणपत्र भरण्याची सक्ती एरवी नसते. परंतु परतावा हवा असेल तर ते भरावेच लागते, कारण मागितल्यावाचून तो मिळत नाही. दुसऱ्या गृहस्थांचा कर शून्य असला तरी उत्पन्न ४ लाखांवर असल्याने विवरणपत्र भरणे त्यांना बंधनकारकच आहे. शिवाय एखाद्याच्या नावावर वर्षात २५,००० रुपये किंवा अधिक टीडीएस जमा झाला असेल, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी विवरणपत्र भरावे लागते. ‘मला कर नाही, म्हणून मला विवरणपत्रही नाही’ हे विधान म्हणूनच नेहमी खरे नसते.

उत्पन्नात काय धरावे, काय धरू नये

पहिला आकडा काढताना पुष्कळांचा गोंधळ होतो. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) खाली करमुक्त आहे. ती उत्पन्नात मिळवून घाबरून जाऊ नये. मात्र शिकविण्याच्या कामाबद्दल मिळालेले मानधन म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. ते उत्पन्नात येते. गावाकडच्या शेतीतले उत्पन्न करमुक्त आहे. परंतु ते ५,००० रुपयांहून अधिक असेल आणि इतर उत्पन्नही मूळ मर्यादेपलीकडे असेल, तर कराचा दर ठरविताना ते विचारात घेतले जाते. अज्ञान मुलाच्या नावावर ठेव असेल तर तिचे व्याज सामान्यतः आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळविले जाते. सुकन्या समृद्धी खात्यावरील व्याज मात्र करमुक्त आहे.

याहून मोठा गोंधळ कुटुंबाच्या उत्पन्नाबाबत होतो आणि त्याकडे पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. शिष्यवृत्ती, शुल्कमाफी किंवा एखाद्या योजनेचा लाभ घेताना तहसील कार्यालयातून जो उत्पन्नाचा दाखला आपण आणतो, तो कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. प्राप्तिकर मात्र व्यक्तीवर आहे. आपल्याकडे पतीचे विवरणपत्र वेगळे आणि पत्नीचे वेगळे. पतीला कंपनीत वर्षाला ३,६०,००० रुपये मिळतात म्हणून पत्नीच्या २,२०,००० रुपयांवर कर लागत नाही किंवा तिचा परतावा अडत नाही. ‘दोघांचे मिळून मर्यादेबाहेर जाते, म्हणून आम्ही परतावा मागितलाच नाही’ असे सांगणारी सुशिक्षित माणसेही आढळतात. एका कागदाचा नियम दुसऱ्या कागदाला लावल्याचा हा परिणाम होय.

मुलांच्या फीमुळे परतावा वाढतो काय?

परताव्याचा विषय निघाला की शाळेच्या फीच्या पावत्या जमविण्याची घाई सुरू होते. जुन्या करप्रणालीत दोन मुलांपर्यंतचे शिक्षणशुल्क कलम ८०-क खाली, इतर बचतीसह दीड लाखाच्या मर्यादेत वजा होते, आणि उच्च शिक्षणाच्या कर्जावरील व्याज कलम ८०-ई खाली वजा होते, हे खरे आहे. नव्या प्रणालीत या वजावटी नाहीत. परंतु आपल्या उदाहरणातील पालकांना या वजावटींचा उपयोग कोणत्याच प्रणालीत नाही, कारण त्यांचा कर आधीच शून्य आहे. शून्यातून आणखी काही वजा होत नाही. जेवढे कापले गेले तेवढेच परत मिळेल. त्याहून एक रुपया अधिक मिळणार नाही. तेव्हा पावत्या शोधण्यात दिवस घालविण्यापेक्षा टीडीएसची नोंद तपासण्यात एक तास घालविलेला बरा.

परदेशांत याहून निराळी व्यवस्था आढळते. अमेरिकेत १९७५ सालापासून कमी उत्पन्नाच्या श्रमिक कुटुंबांसाठी अशी करसवलत आहे की ती कराहून अधिक झाली तर उरलेली रक्कम शासन त्या कुटुंबाला रोख देते. मुले असतील तर ती वाढते. तिकडे शिकावयास गेलेल्या आपल्या मुलांकडून पालकांच्या कानावर या गोष्टी येतात, आणि आपल्याकडेही मुलामागे काही परतावा मिळत असावा असा समज होतो. खुद्द तिकडेही विद्यार्थी-परवान्यावर गेलेल्या भारतीयाला पहिली काही वर्षे सामान्यतः अनिवासी मानले जात असल्याने ही सवलत मिळत नाही.

योगायोग असा की त्याच १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा अधिनियम केला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडण्यासाठी रस्त्यावर उतरली, हे आपणांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल. रोजगार हमीच्या कामांसाठी पैसा उभा राहावा म्हणून मिळवत्या माणसाने दरमहा थोडी रक्कम द्यावी, ही त्या करामागची भूमिका होती. पुढे रोजगार हमीचा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. गरजू कुटुंबाला आधार द्यावयाचा तो करपरताव्यातून न देता काम आणि योजना यांच्या द्वारे द्यावयाचा, हा मार्ग आपण निवडला. मुलांसाठीची मदतही आपल्याकडे याच मार्गाने येते. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला ‘लेक लाडकी’ योजनेखाली जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळावयाचे आहेत. म्हणून पालकांनी दोन हिशेब वेगळे ठेवावेत. परतावा हा कापलेल्या पैशाचा, आणि योजनेचा लाभ हा पात्रतेचा.

व्यवसाय कराविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. हा राज्याचा कर आहे. प्राप्तिकराच्या विवरणपत्रातून तो परत मिळत नाही. मात्र १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. जुन्या सवयीने तो अजून कापला जात असेल तर कार्यालयांनी आपली वेतनपत्रके एकदा तपासून पाहावीत.

अंदाजाकडून प्रत्यक्षाकडे

कागदावरचा अंदाज बँकेच्या खात्यात उतरण्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात. सर्वांत आधी ‘२६-अस’ हे वार्षिक करपत्रक आणि ‘एआयएस’ हे वार्षिक माहिती विवरण विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे. आपल्या मानधनातून १८,००० रुपये कापले गेले असतील, पण तेथे १२,००० रुपयेच दिसत असतील, तर परताव्याचा अंदाजही तूर्त १२,००० रुपयांचाच धरावा आणि उरलेल्या ६,००० रुपयांसाठी कापणाऱ्या कार्यालयाकडे जावे. दुरुस्ती त्या कार्यालयालाच करता येते.

पॅन आधारशी जोडलेला असावा. जोडणी न झालेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरले असून निष्क्रिय पॅनवर परतावा दिला जात नाही. बँक खाते स्वतःच्या नावाचे आणि संकेतस्थळावर पूर्वप्रमाणित केलेले असावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे पॅन, आधार आणि बँक खाते यांवरील नाव जुळते आहे किंवा नाही, हे मुद्दाम पाहावे. अनेकींचा परतावा या एका कारणाने अडतो.

मानधनाची नोंद व्यावसायिक शुल्क म्हणून झालेली असेल तर ते वेतन दाखवून पगारदारांचा सोपा नमुना भरू नये; नोंद आणि विवरणपत्र यांचा मेळ बसत नाही. पहिल्या वर्षी जाणकाराकडून नमुना समजून घ्यावा. पुढच्या वर्षी स्वतःला भरता येतो. विवरणपत्र सादर केल्यावर ३० दिवसांच्या आत त्याचे सत्यापन करावे लागते. आधारला जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने ते होते. ते राहून गेले तर सारा खटाटोप व्यर्थ जातो.

मुदतीत विवरणपत्र भरणाऱ्याला परताव्यावर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. आपल्या उदाहरणातील १८,००० रुपयांवर ते दरमहा ९० रुपये होते. मुदत हुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते. उत्पन्न मूळ मर्यादेच्या आत असेल तर त्यासाठी विलंबशुल्क नाही, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर ते १,००० रुपये आहे. त्यानंतरही दार अगदीच बंद होत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे, खरी अडचण असेल तर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विलंबमाफीसाठी अर्ज करता येतो. मागील वर्षांचा हिशेब करताना त्या त्या वर्षाची मर्यादा लावावी. २०२४-२५ साठी नव्या प्रणालीत मूळ मर्यादा ३ लाख आणि सवलतीची मर्यादा ७ लाख रुपये होती.

कर कापलाच जाऊ नये यासाठीही कायद्यात सोय आहे. बँकेच्या व्याजावर ‘१५-ग’ नमुन्यातील घोषणापत्र देता येते. व्यावसायिक शुल्काला हे घोषणापत्र चालत नाही; त्यासाठी कलम १९७ खाली कमी दराने किंवा शून्य दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र मागावे लागते. दरवर्षी हजारो रुपये अडकणाऱ्यांनी वर्षाच्या सुरुवातीसच हा अर्ज करावा. परताव्याची वाट पाहण्यापेक्षा पैसा दरमहा हाती येणे घरखर्चाला केव्हाही अधिक उपयोगी.

एक सावधगिरी

परतावा ‘वाढवून’ देतो आणि त्यातला हिस्सा घेतो, असे सांगणारे मध्यस्थ प्रत्येक शहरात असतात. न भरलेले घरभाडे, न दिलेल्या देणग्या, न घेतलेले विमे दाखवून ते आकडा फुगवितात. अशा खोट्या वजावटींविरुद्ध प्राप्तिकर विभागाने जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत तपासणी केली. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास चुकविलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो मध्यस्थाला होत नाही; विवरणपत्रावर ज्याचे नाव असते त्याला होतो. कमी उत्पन्नाच्या पालकाला असत्याची मुळी गरजच नाही. त्याचा खरा हिशेबच त्याला पूर्ण परतावा मिळवून देतो.

आपल्या हातात काय आहे?

आतापर्यंत मी घेणाऱ्याविषयी बोललो. परंतु माझ्यासमोर बसलेले आपण बहुतेक जण देणाऱ्यांच्या बाजूचे आहात. महाविद्यालयाचे प्राचार्य, आहरण व संवितरण अधिकारी, ग्रामपंचायतीच्या देयकांवर सही करणारे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, आपण सर्व कर कापणारे आहात. शिकणाऱ्या पालकाचा परतावा त्याच्या हुशारीवर जेवढा अवलंबून आहे, त्याहून अधिक आपल्या कार्यालयातील एका नोंदीवर अवलंबून आहे.

कापलेली रक्कम ठरलेल्या तारखेस भरली गेली पाहिजे. त्रैमासिक विवरणे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांपर्यंत सादर झाली पाहिजेत आणि त्यानंतर पंधरा दिवसांत ‘१६-अ’ प्रमाणपत्र संबंधिताच्या हाती पडले पाहिजे. विवरण उशिरा गेल्यास कार्यालयाला दिवसाला २०० रुपये शुल्क पडते, हे आपण जाणता. परंतु त्याच विलंबाने एका घराचा परतावा पुढे ढकलला जातो, ही गोष्ट कोणत्याही फाइलीत नमूद होत नाही. पॅनच्या दहा अक्षर-अंकांपैकी एक चुकला तर अठरा हजार रुपये दुसऱ्याच्या नावावर जमा होतात किंवा कोणाच्याच नावावर होत नाहीत. गावात वीजजोडणीचे काम करीत मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणाच्या १,४०,००० रुपयांच्या देयकांतून १ टक्क्याने १,४०० रुपये कापले गेले, तर ती रक्कम कार्यालयाच्या दृष्टीने किरकोळ असेल. त्याच्या मुलाच्या वह्यापुस्तकांचा खर्च तेवढ्यात भागतो.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत आणि त्यांपैकी एकीलाही वेगळा निधी लागत नाही. पहिली, मानधनावरील प्रत्येक व्यक्तीकडून रुजू होतानाच पॅनची प्रत घ्यावी आणि नाव व क्रमांक तिच्यासमोर ताडून पाहावेत. दुसरी, कपात वेतन म्हणून होत आहे की व्यावसायिक शुल्क म्हणून, हे तिला लेखी कळवावे. याबाबत शंका असेल तर लेखापालाने करसल्लागाराचे मत घेऊन एकच धोरण ठेवावे. तिसरी, प्रत्येक महाविद्यालयाने आणि शक्य तेथे पंचायत समितीने जून महिन्यात एक दिवस नेमून मानधनावरील लोकांची करपत्रके त्यांना उघडून दाखवावीत. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी या कामी आनंदाने मदत करतील, आणि त्यांचेही शिक्षण होईल.

कर ही राज्यकारभाराची गरज आहे, याविषयी दुमत नाही. ज्याच्यावर कर देय आहे त्याने तो वेळेवर भरावा, असे आपण नागरिकांना सांगतो आणि ते योग्यच आहे. ज्याच्यावर तो देय नाही, त्याचा कापलेला पैसा त्याला वेळेवर मिळावा, हे सांगण्याची आणि घडवून आणण्याची जबाबदारीही मग आपलीच ठरते. उद्या आपण आपापल्या कार्यालयात जाल तेव्हा मानधनावरील कर्मचाऱ्यांची यादी काढून तिच्यातील पॅनचा रकाना तेवढा एकदा नजरेखालून घाला, एवढीच माझी विनंती आहे.